सातवी जुडी

रविवारी सकाळी त्या घरात एकच प्रश्न होता आणि तो कुणी विचारत नव्हतं. म्हणून सगळे दुसराच विचारत बसले होते: भाजी कोण आणणार?

"मी नाही," काका पेपरामागून म्हणाला. काका शाळेत गणित शिकवायचा. त्याचं 'नाही' म्हणजे उत्तराखाली मारलेल्या दोन रेघा.

"मला दोन घड्याळं पुरी करायचीत," बाबा म्हणाले. डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं नाही त्यांनी.

"रविवारी कोण येतंय घड्याळ न्यायला?" आईने विचारलं.

"ज्याला सोमवारी वेळेवर उठायचंय तो."

आजोबा खिडकीशी बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही मान वळवली नाही.

कोपऱ्यावरचा दुकानदार तापाने आडवा झाला होता, शटर खाली. बारा वाजता वकीलबाई येणार होत्या, त्या जेवूनच जाणार होत्या. आणि गावात रविवारी ताजी भाजी मिळायची ती एकाच ठिकाणी, बंद पडलेल्या काचकारखान्याच्या अंगणात भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजारात. त्या बाजारात या घरातल्या एकाही माणसाने अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. कारण तिथे, चिमणीच्या पायथ्याशी, धाकट्या आत्याची भाजी विकायला बसायची जागा होती.

आत्या अकरा वर्षांपूर्वी नदीला पाणी चढलं तेव्हा खालच्या मळ्यात रोपं वाचवायला म्हणून गेली ती गेलीच. तिची फक्त डावी चप्पल मिळाली, चिखलात रुतलेली. ती चप्पल आजोबांच्या ट्रंकेत होती आणि खालचा मळा तेव्हापासून नदीच्या पोटात. उरलं वरचं शेत. ते निम्मं आत्याच्या नावावर, म्हणून विकता येईना. आज कागदावर पाच सह्या पडल्या की आत्या कायद्याने मेलेली धरायची वाट मोकळी होणार होती. सहावी भिंगरी. ती सोळाची, म्हणून तिची सही कुणी मागितलीच नव्हती. आंतरशालेय वादविवादात पहिली आलेल्या मुलीचा याहून मोठा अपमान कुठला!

"बरं," काकू पदर खोचत उठली. "पुरुषांना पेपर आणि घड्याळं. आमच्या वाट्याला बाजार. भिंगरे, पिशव्या घे."

"तू जाणार?" काकाने पेपर खाली केला. "तिथे?"

"मग काय वकीलबाईंच्या पानात तुमचा पेपर वाढू? मला नाही कसली भीती. मला सही हवीय. बारा वर्षं मी माझं मशीन जिन्याखाली चालवतेय, वरून माणूस उतरला की सुई चुकते. दोन खोल्या घेईन, खिडकीपाशी मशीन ठेवीन. मेलेल्या माणसासाठी जिवंतांनी किती दिवस अंधारात शिवायचं?"

'मेलेल्या' म्हटल्यावर आईच्या हातातला पेला ओट्यावर जरा जोरातच टेकला. भिंगरीने पाहिलं, आजोबांचं बोट खिडकीच्या काचेवर काहीतरी मोजत होतं. एक, दोन, तीन… मग थांबलं.

धुकं इतकं होतं की काचकारखान्याची चिमणी अर्ध्यातच संपल्यासारखी दिसत होती. अंगणात पायाखाली जुन्या काचेचा चुरा करकर वाजत होता. इतक्या वर्षांनीही तो संपला नव्हता. पुढच्या रांगेत मात्र गजबज होती, आणि भिंगरीचा जीव भांड्यात पडला. काय काय होतं तिथे! मातीसकट गाजरं, त्यांचे हिरवे तुरे मांजराच्या शेपटीएवढे. बोटाने दाबलं तर कुरकुरेल असा कोबी. वाटाण्याच्या शेंगा, एक फोडून खाल्ली तर साखर. टोमॅटो एकसारखे नव्हते, कुणी फुगलेला, कुणी फाटलेला, पण वास असा की नाकच खायला लागावं.

"कसे दिले?" काकूने विचारलं.

"तुम्हाला म्हणून कमी लावतो."

"मला म्हणून? ओळखता का मला?"

"ओळखत नाही म्हणून तर कमी लावतोय," टोमॅटोवाला म्हणाला. काकू हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली, तोंडावर हात धरून. शेजारी कुणीतरी लसणाचा ढीग ओतत होतं.

"काय झालं?"

"काही नाही. वास. तो भोपळा तू उचल."

भिंगरी बघतच राहिली. काकू म्हणजे कापडाचे तागे खांद्यावर टाकून दोन जिने चढणारी बाई. आज अर्धा भोपळा जड झाला?

यादी संपत आली. राहिली फक्त कांद्याची पात. या घरात अकरा वर्षं पात शिजली नव्हती, पण वकीलबाईंना आवडते असा आईला निरोप होता. पुढच्या रांगेत पात संपली होती. "मागं बघा, चिमणीपाशी," टोमॅटोवाला म्हणाला, आणि लगेच टोमॅटो पुसायला लागला, जसं काही आपण बोललोच नाही.

मागच्या रांगेत गेल्यावर पुढचे आवाज एकदम मिटले. दार लावल्यावर मिटतात तसे. धुक्यात टेबलं होती पण रिकामी. करकर, करकर, दोघींचीच पावलं. भिंगरीला वाटलं तिसरीही आहेत, जराशी मागून, एकाच पायाची. म्हणजे एक पाऊल काचेवर वाजायचं आणि दुसरं वाजायचंच नाही. ती थांबली. मागची पावलंही थांबली.

"काकू, मागे कोण आहे?"

"मागे वळू नकोस, भोपळा पडेल," काकू म्हणाली. तिने स्वतःही वळून पाहिलं नाही.

चिमणीच्या पायथ्याशी एक अंडीवाली बसली होती. बुटकी, गोल, डोक्याला रुमाल. तिच्या टेबलाशेजारी एक चौरस जागा मोकळी होती. त्या जागेत काचेचा चुरा नव्हता, कुणी रोज झाडावी तशी ती स्वच्छ. मधोमध एक लाकडी पेटी, आणि पेटीत पातीच्या जुड्या.

भिंगरी खाली बसली आणि तिचे हात तिथेच राहिले.

प्रत्येक जुडीत सगळ्या काड्यांचे कांदे खाली आणि हिरवे शेंडे वर. आणि त्या शेंड्यांत एक पांढरा कांदा डोकं वर काढून. एक काडी उलटी. पातीच्याच एका लांब पानाने जुडी बांधलेली, दोन वेढे, गाठ डावीकडे.

ती पाच वर्षांची असताना आत्याने तिच्या हातात अशी जुडी दिली होती. माणशी एक जुडी, हा या घराचा मळ्यातला नियम होता. मोठ्यांना मोठी, पोरांना बोटाएवढी. बाकीच्या काड्यांची मुळं छाटायची, पण एकीची ठेवायची आणि तिला उलटी बांधायची, म्हणजे चुकून चिरली जात नाही. जुडी खायची आणि उलटी काडी परत मातीत लावायची. आजोबांनी हे आत्याला शिकवलं होतं. काका आणि बाबांना कधी ती गाठ जमली नाही, त्यांची जुडी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत सुटायची.

"ही कोण बांधतं?" काकूचा आवाज शिवताना दोरा दातात धरल्यासारखा आला.

"मला काय ठाऊक बाई," अंडीवाली म्हणाली. "मी उजाडता उजाडता येते तेव्हा पेटी इथे असते. मी या जागेवर आले त्या वर्षापासून. संध्याकाळी रिकामी ठेवून जाते, पुढच्या रविवारी भरलेली असते."

"अकरा वर्षं?"

"अकरा होतील. तुम्हाला कसं कळलं?"

भिंगरीने विचारलं, "मग या घेतं कोण?"

"कुणी घेत नाही. उलटी काडी दिसली की लोक हात मागे ओढतात. मी माझ्या कोंबड्यांना घालते. त्यांना शकुन-अपशकुन कळत नाही, अंडी मात्र बघा कशी देतात!" तिने एक अंडं उचलून धरलं. मग तिचा आवाज खाली आला. "पहिल्या वर्षी दोनदा मी पहाटे लपून बसले होते, कोण येतं बघायला. दोन्ही वेळा डोळा लागला. मला, जिला सांजेला पडलं तरी झोप येत नाही! जाग आली तर पेटी भरलेली आणि माझ्या अंगावर कुणीतरी माझीच शाल घातलेली."

कुठूनतरी पाणी टपकत होतं. कारखान्यात पाणी तोडून कित्येक वर्षं झाली होती.

"मोजणी मात्र पक्की," अंडीवाली सांगत होती. "आधी सात असायच्या. सहा मोठ्या, एक बारकी. ती बारकी दर वर्षी जराशी वाढायची, पोरासारखी. आता बाकीच्यांएवढी झालीय. आणि चार वर्षांपूर्वी, भर थंडीत, एक कमी झाली. तेव्हापासून सहाच."

चार वर्षांपूर्वी. भर थंडीत. त्याच थंडीत घरातलं एक माणूस गेलं होतं. आजी.

आणि वाढत गेलेली बारकी जुडी म्हणजे… तिने आपल्या हातांकडे बघितलं. हे हात मोठे होताना कुणीतरी मोजत होतं.

"सहा," ती पुटपुटली. "आजोबा, आई, बाबा, काका, काकू, मी. सहा." आणि खात्रीसाठी पेटीत बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सात.

सहा मोठ्या जुड्यांखाली, पेटीच्या कोपऱ्यात, एक जुडी होती. करंगळीएवढी. तीन काड्या फक्त, पोपटी, कोवळ्या, आणि त्यातली एक उलटी.

"हो, आज सात आहेत," अंडीवाली म्हणाली. "मलाही नवल वाटलं. म्हटलं, कुणाकडे तरी पाहुणा आलेला दिसतोय."

काकू जवळच्या उपड्या खोक्यावर बसली. चेहरा पांढराफटक.

"काकू! चक्कर आली? साखर देऊ? वाटाणे खा, गोड आहेत!"

काकूने वाटाणे घेतले नाहीत. तिने ती करंगळीएवढी जुडी उचलली, तळहातावर ठेवली, आणि सुईत दोरा ओवताना बघायची तसं एक डोळा बारीक करून गाठीकडे बघत राहिली. मग रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये, अगदी तळाशी.

"बाकीच्या सहा आम्ही नेतो," ती म्हणाली.

"न्या की. तुमच्याच असतील तर माझ्या कोंबड्यांनी अकरा वर्षं तुमच्या घरचं खाल्लंय, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? पेटीसकट न्या. पण पुढच्या रविवारच्या आत जागेवर आणून ठेवा हं." अंडीवालीने त्या झाडलेल्या चौकोनाकडे पाहिलं. "एकदा मी विसरले होते. तो आठवडाभर माझ्या दारात सकाळी ओली पावलं उमटायची. उजवं चपलेचं, डावं अनवाणी."

परत येताना काकूने एकदाच तोंड उघडलं. "घरी कुणी विचारलं तर सहा होत्या."

"पण सात—"

"सहा."

"काकू, मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, सगळ्यांना माहितीय!"

"मग केस मोकळे सोड," काकू म्हणाली.

आई टोमॅटो चिरत होती. सहा जुड्या ओट्यावर मांडल्या तेव्हा सुरी थांबली ती थांबलीच. बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. डोळ्यावर भिंग नसलेले बाबा घरातसुद्धा अनोळखी दिसायचे.

"ही तिची गाठ आहे," आई म्हणाली.

"तशी गाठ आहे," काकाने दुरुस्ती केली. "बाजारात बसायची ती. दहा जणींना शिकवली असेल. त्यातली एखादी बांधते. मेलेली माणसं गाठी मारत बसत नाहीत."

"मग आजी गेल्यावर एक कमी कशी झाली?" भिंगरीने विचारलं. वादविवादात ती अशीच उभी राहायची, एक पाय पुढे. "आणि माझी जुडी दर वर्षी कशी वाढली? सांग ना काका!"

"सहा हा काही मोठा आकडा नाही, भिंगरे. अंडीसुद्धा सहाच्या पेटीत मिळतात. म्हणजे काय कोंबडीने आपली माणसं मोजली?" त्याने काकूकडे पाहिलं. "सहाच होत्या ना?"

"सहाच," काकू म्हणाली आणि भोपळ्याची साल काढायला लागली.

भिंगरीने केस कानांवर ओढले.

नवलाची गोष्ट ही की रोज सहीची घाई करणारी काकू गप्प होती आणि रोज गप्प बसणारे बाबा बोलायला लागले. "आज नको करू या," ते म्हणाले. "एक रविवार थांबू."

"दादा, अकरा वर्षांत रविवार किती झाले सांगू?" काकाचा आवाज चढला. "पाचशे बहात्तर! तेवढे थांबलो. मलाही ती बहीणच होती. पाण्यात मीही शोधलंय तिला, गळ्याएवढ्या. पण रोज दार वाजलं की आपण सगळे माना वर करतो, आणि दारात दूधवाला असतो. मला ती मान वर करणं थांबवायचंय. एवढंच."

बाबा हातातलं भिंग पुसत राहिले. भिंगरीने पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

आजोबा उठून आले. त्यांनी जुड्यांना हात लावला नाही. नुसतं मोजलं, आणि घरातली माणसं मोजली. मग काकूकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"माझी सही शेवटी," एवढंच म्हणाले.

वकीलबाई बाराच्या ठोक्याला आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. जेवणाची तारीफ केली, पातीची तर दोनदा. पात एकट्या त्यांनीच खाल्ली. मग ताटं उचलली, टेबल पुसलं आणि कागद आला.

"इथे, खुणेवर," त्या म्हणाल्या. "सावकाश वाचून घ्या."

काकाने सही केली, सरळ, एका दमात. बाबांनी केली, पण पेन असं धरलं की जणू घड्याळाचा काटा आहे आणि तो मोडेल. आईने डोळे पुसून केली. पेन काकूपुढे आलं.

घरात कसलाच आवाज नव्हता. बाबांच्या टेबलावर चार घड्याळं होती. भिंगरीच्या लक्षात आलं की चारही टिकटिकायची थांबलीत.

काकूने कागद उचलून मोठ्याने वाचला. "'ती हयात असल्याचं तिच्या घरच्या कोणाही माणसाला गेल्या अकरा वर्षांत कोणत्याही मार्गाने कळलेलं नाही.'" तिने पेन खाली ठेवलं. "हे खोटं आहे. मी खोट्यावर सही करणार नाही."

"अगं, तूच तर—" काका उठला. "तुला दोन खोल्या हव्या होत्या! खिडकी हवी होती!"

"हवीय. अजून हवीय." तिने पर्स उघडली, रुमाल काढला, उलगडला. करंगळीएवढी जुडी टेबलावर ठेवली, त्या कागदाच्या बरोबर मधोमध. "सहा नव्हत्या. सात होत्या. भिंगरीला मीच गप्प बसवलं, तिचे कान बघा."

सगळ्यांनी भिंगरीचे कान बघितले.

"सातवी कुणाची?" काकाने विचारलं. "घरात सहा माणसं आहोत."

काकू नुसती त्याच्याकडे बघत राहिली. अख्ख्या शाळेला बेरीज शिकवणाऱ्या माणसाला घरातली बेरीज कळायला किती वेळ लागला! आधी आईला कळलं, तिने तोंडावर हात ठेवला. मग बाबांना. भिंगरीला भोपळा आठवला, लसणाचा वास आठवला.

"शुक्रवारी कळलं," काकू म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना आणि मला. तिसऱ्या माणसाला नाही, तुम्हालासुद्धा नाही. तीन वेळा सांगितलं आणि तीन वेळा सगळ्यांसमोर रडले, म्हणून या वेळी ठरवलं होतं, दिसायला लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी कळलं. आणि रविवारी पहाटे वन्संनी त्याची जुडी बांधून ठेवली होती. आता सांगा. माझ्या पोटातलं जिला माझ्या नवऱ्याआधी कळलं, तिला मेली म्हणून मी कुठल्या हाताने सही करू?"

काका खुर्चीवर बसला. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता. मग मोजणं सोडून त्याने काकूचा हात धरला, सगळ्यांसमोर, वकीलबाईंसमोर. असं त्या घरात कधी कुणी केलं नव्हतं.

"पण मग ती आहे की नाही?" वकीलबाईंनी हळूच विचारलं. "माझ्या कामात दोनच रकाने असतात. जिवंत किंवा मृत. मी काय लिहू?"

आजोबांनी ती बारकी जुडी उचलली. गाठ न तोडता उलटी काडी अलगद ओढून काढली. तिच्या मुळांना माती चिकटलेली होती, काळी, चकचकीत, अजून ओली. त्यांनी ती बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"ही खालच्या मळ्याची माती आहे," ते म्हणाले.

खालच्या मळ्यावर अकरा वर्षं दोन पुरुष पाणी उभं होतं. वरच्या शेताची माती तांबडी, हे भिंगरीलाही ठाऊक होतं.

"बाबा," काका आजोबांना म्हणाला, "असं कसं असेल?"

"ते मला नाही सांगता येणार. पन्नास वर्षं मी त्या मातीत हात घातलेत, तेवढं सांगतो."

वकीलबाईंनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. दाराशी गेल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, परत आल्या, कागद काढला आणि टेबलावर ठेवून गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर काकाने तो फाडला. नीट, सारखे आठ तुकडे.

आईने खिडकीतल्या डब्यात माती भरली. काकूने करंगळीएवढी काडी त्यात रोवली, मुळं खाली, शेंडा वर. कुणीतरी म्हणालं, उद्यापासून मशीन माझ्या खोलीत खिडकीपाशी आणा. ते बाबा होते. स्वतःचं घड्याळांचं टेबल ते जिन्याखाली नेणार होते. "काट्यांना कुठे उजेड लागतो," म्हणाले, आणि ते साफ खोटं होतं.

राहिली पेटी. ओट्याखाली रिकामी पडली होती, तळाला काळी माती.

"आजच ठेवून येते," भिंगरी म्हणाली. "उजेड आहे तोवर. धुकंही गेलंय. मला नाही भीती वाटत." कान लाल झाले, पण आता त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"रिकामी नको नेऊस," आई म्हणाली. "आजी म्हणायची ना, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. काय घालायचं?"

टोमॅटो? वाटाणे? जिचा स्वतःचा मळा, तिला भाजी काय पाठवायची? सगळे विचार करत असताना आजोबा आत गेले. ट्रंकेची कडी वाजली. अकरा वर्षांत ती कडी कुणी ऐकली नव्हती.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात डावी चप्पल होती. चिखल त्यांनी कधीच धुऊन काढला होता, तुटलेला अंगठा नव्या दोऱ्याने शिवला होता, वाकडातिकडा, म्हाताऱ्या हाताने. काकूने तो टाका पाहिला आणि पहिल्यांदाच कुणाच्या शिवणीला नावं ठेवली नाहीत.

त्यांनी चप्पल पेटीत ठेवली, उलटी होऊ नये म्हणून दोनदा नीट केली.

"एकच?" भिंगरीने विचारलं.

"दुसरी तिच्या पायात असेल," आजोबा म्हणाले.